बीडमध्ये सिम कोणतं घ्यावं? आधी टॉवर बघा

कोणत्या कंपनीची रेंज चांगली, असं बीड जिल्ह्यात विचारलं तर उत्तर गावागणिक बदलतं. गेवराईच्या गोदाकाठावर ज्या कंपनीचं कौतुक ऐकू येतं, तिलाच पाटोद्याच्या डोंगरात शिव्या मिळतात आणि दोन्हीकडची माणसं खरंच बोलत असतात. टीव्हीवरची ‘देशात सर्वात वेगवान’ ही जाहिरात आपल्या काही कामाची नाही. वेगाची ती मोजणी लोकांच्या फोनवरून होते आणि असे फोन शहरांत जास्त. माजलगावच्या एखाद्या आखाड्यावर रात्री आठ वाजता यूट्यूब गोल गोल फिरत राहतं, ते त्या सरासरीत कुठे दिसणार?

दुसरी अडचण परवान्यांच्या नकाशाची. मोबाईल सेवेसाठी देशाचे २२ विभाग पाडले आहेत, त्यांना आपण सर्कल म्हणतो. मुंबईचं सर्कल वेगळं. बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. हिंजवडीच्या आयटी कंपनीतला ग्राहक आणि शिरूर कासारच्या तांड्यावरचा ग्राहक एकाच सर्कलमध्ये मोडतात, रिचार्जला सारखेच पैसे मोजतात आणि ग्राहकसंख्येच्या आकड्यांतही एकत्रच धरले जातात. त्यामुळे ‘महाराष्ट्रात नंबर एक’ या दाव्यावरून वडवणीत काय चालेल ते कळत नाही.

म्हणून कंपन्यांची तुलना करायला बसूच नका. आपल्या कामाच्या जागेजवळ कोणाचा टॉवर आहे, त्यावर काय चालतं आणि तो आपल्यापर्यंत पोहोचतो का, एवढंच बघा. बीडमधल्या बहुतेक घरांच्या अशा जागा तीन-चारच असतात: राहतं घर, शेत, रोजचा रस्ता आणि अनेक घरांच्या बाबतीत ऊसतोडीचा मुलूख. यांतल्या निदान दोन जागी जे सिम पक्कं चालतं, ते तुमचं सिम.

चार कंपन्या, चार तऱ्हा

जिओ ५ सप्टेंबर २०१६ला सुरू झाली ती थेट ४जीवर. तिच्याकडे २जी नाही आणि ३जीही नाही. बोलणंसुद्धा ४जीवरूनच, म्हणजे व्होल्टेवरूनच होतं. याचा सरळ अर्थ असा की आजीच्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये जिओचं सिम टाकून उपयोग नाही. जिओभारतसारखा ४जीचा बटणफोन लागतो आणि तो घेतला की दुसऱ्या कंपनीकडे जाताना फोनही बदलावा लागतो.

एअरटेलने ३जी २०२०मध्येच गुंडाळलं. आता तिच्याकडे बोलण्यासाठी २जी आहे आणि बोलणं-नेट दोन्हींसाठी ४जी आणि ५जी. ४जी गेलं तरी साधा कॉल २जीवर उतरून चालू राहतो, ही खेड्यात मोठी सोय. व्हीआय म्हणजे व्होडाफोन आणि आयडिया. ३१ ऑगस्ट २०१८ला त्या एक झाल्या. महाराष्ट्रात आयडियाचं जाळं जुनं आणि पसरलेलं होतं, म्हणून मराठवाड्यातल्या पुष्कळ जुन्या नंबरांवर आजही लोक ‘आयडियाचं सिम’ असंच म्हणतात. व्हीआयकडेही २जी आहे. तिचं ५जी मात्र उशिरा, मार्च २०२५मध्ये मुंबईपासून सुरू झालं आणि नंतर शहराशहरांत जात राहिलं. बीड जिल्ह्यात व्हीआय घ्यायचं तर ४जी धरूनच हिशोब करावा. ५जी आलं तर वरकड.

चौथी बीएसएनएल. जुलै २०२४मध्ये खासगी तिन्ही कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा ‘चला बीएसएनएलकडे’ अशी लाट आली होती. त्या वेळी बऱ्याच गावांत तिचं ४जी पोहोचलेलंच नव्हतं, त्यामुळे स्वस्त रिचार्ज मारून लोक २जी-३जीवर येऊन बसले आणि तीन महिन्यांनी परत फिरले. आता चित्र थोडं बदललं आहे. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांनी मिळून बनवलेल्या देशी यंत्रणेवर बीएसएनएलचे सुमारे ९७,५०० टॉवर उभे राहिले आणि २७ सप्टेंबर २०२५ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून पंतप्रधानांनी त्यांचं लोकार्पण केलं. त्याआधी, जुलै २०२२मध्ये, देशातल्या २४,६८० बिनरेंजच्या गावांत ४जी नेण्यासाठी केंद्राने २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले होते; ते कामही बीएसएनएलकडेच दिलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा अनुभव धरून बीएसएनएलला मोडीत काढू नका. उद्घाटन झालं म्हणून आपल्या गावचा टॉवरही सुरू झाला, असंही समजू नका. जाऊन बघा.

सरकारी निधीतून उभारलेल्या काही टॉवरवर जानेवारी २०२५पासून आणखी एक सोय सुरू झाली आहे. टॉवर एकाचा असला तरी बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिघांचे ग्राहक त्याचं ४जी वापरू शकतात. असा टॉवर जवळ असेल तर कंपनी कोणती हा प्रश्न तेवढ्या टापूत सुटतो.

डोंगर, काळी जमीन आणि लहरी

टॉवरवरून लहरी येतात त्यांची जातकुळी वेगवेगळी असते. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, टेकाडाला वळसा घालते, भिंतीतून आत शिरते. २३०० किंवा ३३००ची लहर डेटा भरपूर वाहते, पण लवकर दमते. लांबच्या वरातीतला डीजे ऐकताना ठेका तेवढा कानावर येतो, गाण्याचे शब्द येत नाहीत, तसंच हे. ५जीचा सगळा बोलबाला ज्या लहरीचा आहे ती ३३००च्या आसपासची, म्हणजे थोड्याच अंतरावर विरणारी. बीड शहर, परळी, अंबाजोगाई अशा ठिकाणी तिचा खरा फायदा. टॉवरपासून दोन-तीन किलोमीटर लांबच्या वस्तीवर फोनने ५जी दाखवलं तरी तो पुन्हा पुन्हा ४जीवर पडतो, पुन्हा चढतो आणि त्यात बॅटरी संपते. अशा ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन फोन ४जीवर बांधून ठेवलेला बरा.

चौघांकडेही हजाराच्या आतली एखादी लांब पल्ल्याची लहर आहे. जिओ ८५०वर ४जी चालवते आणि ७००वर ५जी. एअरटेल आणि व्हीआयचं जुनं २जी व काही ४जी ९००च्या पट्ट्यात. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० आणि २१००वर. प्रश्न एवढाच की तुमच्या जवळच्या टॉवरवर त्यांनी ती लहर लावली आहे का. कारण बीड जिल्हा सपाट नाही. उत्तरेला गोदावरीच्या अंगाला गेवराई, माजलगाव, परळीचा काही भाग उघडा, काळ्या जमिनीचा. तिथे टॉवर लांबून दिसतो आणि रेंजही लांबवर मिळते. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केजचा काही भाग आणि अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरात. तिथे टेकडीच्या एका अंगाला पूर्ण रेंज आणि दुसऱ्या अंगाला ‘नो सर्व्हिस’ असा प्रकार चालतो. सौताड्याच्या रामेश्वराची दरी, कपिलधारचा परिसर, धारूरचा घाट अशा खोलगट जागी कोणत्याही कंपनीकडून फार अपेक्षा ठेवू नये. वाडी दरीत असेल तर जवळचा टॉवर सोडा. समोरच्या टेकडीवरचा, पण सरळ दिसणारा टॉवर जास्त कामाचा असतो.

घराची बांधणीही बघा. पत्र्याचं घर लहरी परतवतं, स्लॅबचं अडवतं. जुन्या माळवदाच्या घरात आत रेंज नसते आणि वर चढलं की मिळते, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. घरात फायबर किंवा दुसरं वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. मग घरात रेंजचा एक दांडा नसला तरी साधा कॉल वायफायवरून लागतो आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. ही सोय खासगी तिन्ही कंपन्यांकडे आहे. फोनने ती पेलली पाहिजे एवढंच.

फोन तपासायचा राहतो

सिम बदलून काही फरक पडला नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा फोन आधी बघावा. बीएसएनएलच्या बाबतीत तर नक्कीच. तिच्या ७००च्या ४जीला फोनमध्ये ‘बँड २८’ लागतो आणि जुन्या, स्वस्त फोनांत तो पुष्कळदा नसतो. टॉवर दारात आणि फोनवर २जी, असं झालं तर दोष टॉवरचा नाही. फोनच्या मॉडेलचं नाव इंटरनेटवर टाकून त्याच्या माहितीत ‘बी २८’ आहे का ते बघा, किंवा दुकानदाराला विचारा. ५जीचंही तसंच. जिओचं ५जी स्वतंत्र पद्धतीचं, म्हणजे ४जीचा आधार न घेणारं. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या खांद्यावर उभ्या राहणाऱ्या पद्धतीने. सुरुवातीचे काही ५जी फोन या दोन्हींपैकी एकच पेलतात.

दोन सिमचे जुने फोन असतील तर दुसऱ्या खाचेत ४जी चालतं का तेही बघा. काही जुन्या फोनांची दुसरी खाच फक्त २जीची असते. तिथे जिओचं सिम मुकं होऊन बसतं.

पैसे भरण्याआधीची चाचणी

सगळ्यात खात्रीची माहिती गावात फुकट मिळते. आपले सरकार सेवा केंद्र किंवा सीएससी चालवणारा मुलगा, अंगठ्याचं मशीन घेऊन बसणारा रेशन दुकानदार, बँकेचे पैसे देणारा बँकमित्र, रोजगार हमीवर मजुरांचे फोटो टाकणारा ग्रामरोजगार सेवक, आशाताई. या सगळ्यांचं पोट किंवा काम नेटवर अवलंबून आहे आणि एखादी कंपनी चालत नसेल तर ते तिला आठ दिवससुद्धा ठेवत नाहीत. त्यांना दोन गोष्टी विचारा: कोणतं सिम आहे आणि लाईट गेल्यावर ते किती वेळ टिकतं. मोबाईल दुकानदाराचं उत्तर मात्र जपून घ्या. त्याला कोणत्या सिमवर कमिशन जास्त आहे हे आपल्याला माहीत नसतं.

मग नकाशे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२४मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले, त्यानुसार प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर कुठे २जी, कुठे ४जी, कुठे ५जी पोहोचतं त्याचा नकाशा ठेवणं बंधनकारक आहे. आपलं गाव शोधा, मग वस्ती, मग शेताचा गट. हे नकाशे मुख्यतः गणिती अंदाजावर रंगवलेले असतात, घराच्या आत काय होईल ते त्यांत दिसत नाही. नकाशात रंग नसेल तर रेंज नाही असं धरायला हरकत नाही. रंग असेल तर जाऊन तपासावं लागतं. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ हे पोर्टल आणखी उपयोगी. तिथे जागा टाकली की आसपासचे टॉवर आणि त्यांवरचं तंत्रज्ञान दिसतं.

यानंतर प्रत्यक्ष मोजणी. फोनवरचे दांडे मोजू नका; प्रत्येक फोन कंपनी ते आपल्या मर्जीने दाखवते, दोन फोनांचे तीन दांडे सारखे नसतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथे ‘सिग्नल स्ट्रेंथ’पुढे उणे चिन्ह असलेला आकडा, डीबीएममध्ये, दिसतो. बऱ्याच फोनांवर डायलमध्ये *#*#४६३६#*#* टाकलं तरी तो पडदा उघडतो. ४जीसाठी उणे ८५ किंवा त्याहून शून्याच्या जवळचा आकडा म्हणजे उत्तम. उणे १००च्या आसपास चालण्यासारखं. उणे ११०च्या पुढे रडतखडत आणि उणे १२० म्हणजे फोन लागला तर नशीब. पाव्हण्यारावळ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन एकाच जागी, एकाच वेळी शेजारी ठेवून हे आकडे लिहून काढा. घरातल्या रोजच्या बसण्याच्या जागी, अंगणात, शेतातल्या विहिरीजवळ. लग्नाला जमलेली मंडळी या कामाला फार उपयोगी पडतात.

आकडा चांगला, तरी नेट संथ, असंही होतं. त्याची कारणं दोन. एक, एका टॉवरवर माणसं फार. म्हणून चाचणी दुपारी नको, रात्री आठ ते दहाला घ्या. दोन, टॉवर पुढे कशाने जोडलेला आहे. फायबर आलेली असेल तर वेग मिळतो, ताटलीसारख्या डिशने दुसऱ्या टॉवरला जोडलेला असेल तर त्या जोडणीचाच गळा अरुंद पडतो. वेग मोजायला ट्रायचं ‘मायस्पीड’ ॲप आहे. आकडा किती आला यापेक्षा तीन-चार रात्री तो टिकला का हे महत्त्वाचं. ओटीपी यायला, यूपीआयचे पैसे जायला, व्हॉट्सॲपवर सातबारा पाठवायला फार वेग लागतच नाही. लागते ती न तुटणारी तार.

शेतातली चाचणी मनावर घ्या. ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभं राहून फोटो काढावा लागतो. शेत रेंजमध्ये नसेल तर हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात कशी धावपळ होते ते दर वर्षी दिसतंच.

कोयत्याबरोबर जाणारं सिम

दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सिम निवडायच्या कोणत्याही सल्ल्यात हा अर्ध्या वर्षाचा मुक्काम धरलेला नसतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर हे सगळं आपल्याच सर्कलमध्ये. बेळगाव, बागलकोट कर्नाटकाच्या सर्कलमध्ये. आजच्या अमर्यादित बोलण्याच्या पॅकमध्ये देशभर रोमिंगला जादा पैसे पडत नाहीत, पण फोनमधलं ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर सीमा ओलांडली की नेट बंद पडू शकतं आणि माणूस सिम खराब झालं समजून दुकान गाठतो. निघण्याआधी ते चालू करा. कोणत्या कारखान्याच्या पट्ट्यात काय चालतं हे मुकादमाला आणि गेल्या साली तिकडे गेलेल्या टोळीला नेमकं माहीत असतं. गावाकडे उत्तम आणि फडात मुकं असं सिम घेऊन सहा महिने काढू नयेत. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं असतात.

कोपीत लाईट नसते. रेंज कमी असली की फोन लांबच्या टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त जोर लावतो आणि बॅटरी दुपारीच बसते. म्हणून फडात रेंजचा आकडा बघणं हे चार्जिंगचंही गणित आहे. जोडप्याकडे एकच स्मार्टफोन असेल तर सोबत २जी चालणारा एक साधा बटणफोन, एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलच्या सिमसह, ठेवावा. त्याचं चार्जिंग दिवसेंदिवस टिकतं.

घरी राहिलेल्या आजी-आजोबांना नेट लागत नाही, तरी वर्षानुवर्षं डेटाचे पैसे भरले जात होते. २३ डिसेंबर २०२४ला ट्रायने नियम बदलला. आता प्रत्येक कंपनीला फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक ठेवावाच लागतो आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार तो आपणहून सांगेलच असं नाही. ‘बिनडेटाचा पॅक’ असं स्पष्ट मागा. उचल हातात असताना घरच्या फोनचा लांब मुदतीचा पॅक मारून गेलं तर मधेच इनकमिंग बंद पडण्याची भीती राहत नाही. २८ दिवसांच्या पॅकमध्ये वर्षाला तेरा रिचार्ज लागतात, हेही विसरू नये.

आणि एक: स्वतःच्या कंपनीची रेंज नसली, पण आसपास दुसऱ्या कोणाची असली, तर ११२ हा आपत्कालीन नंबर तिच्यावरून लागू शकतो. फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसत असेल तेव्हा हे घरातल्या मुलांनाही ठाऊक हवं.

दुसरं सिम कोणतं?

दोन सिम ठेवणारे पुष्कळ आहेत, पण जोडी विचार करून लावलेली नसते. खेड्यात एका टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात. टॉवर उभारून भाड्याने देणाऱ्या कंपन्याच वेगळ्या आहेत. एअरटेल आणि व्हीआय बऱ्याच ठिकाणी इंडस टॉवर्सच्या एकाच खांबावर असतात. लाईट गेली, बॅटऱ्या बसल्या, जनरेटरला डिझेल आलं नाही की दोन्ही सिम एकदमच मुकी. म्हणून दुसरं सिम निवडताना ते दुसऱ्या टॉवरवरचं आहे याची खात्री करा. गावात टॉवर दोन असतील तर कोणत्यावर कोण, हे टॉवरची देखभाल करणारा गडी सांगतो.

मुख्य नंबर, ज्यावर आधार, बँक, पीक विमा, लाडकी बहीण असं सगळं जोडलेलं आहे, तो घरात सर्वात पक्क्या चालणाऱ्या कंपनीवर असावा. दुसरं सिम नेटसाठी, स्वस्त आणि बदलतं ठेवलं तरी चालतं. फक्त प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरलाच नाही तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. बँकेला जोडलेला नंबर असा सोडून देऊ नका.

नंबर तोच, कंपनी दुसरी

देशभर २० जानेवारी २०११पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येते. आपल्या फोनवरून इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहा, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर टाका आणि १९००वर एसएमएस पाठवा. पॅक संपलेला असला तरी हा एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे, असा ट्रायचा आदेश आहे. आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. आपल्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. कोड मिळण्यासाठी सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असले पाहिजेत. पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. आणि जुलै २०२४पासूनच्या नियमाप्रमाणे हरवलेलं सिम नव्याने घेतलं असेल तर पहिले सात दिवस कोड मिळत नाही. हा शेवटचा नियम तुमचा नंबर चोरून पळवणाऱ्यांसाठी आहे. कोड कोणी फोनवर मागितला तर देऊ नका.

पोर्ट झालं की जुन्या पॅकचे उरलेले दिवस आणि टॉकटाईम बुडतो, म्हणून पॅक संपत आला की मगच करा. मधे काही तास फोन बंद राहतो. पीक विम्याची शेवटची तारीख किंवा केवायसीची मुदत तोंडावर असेल तर आठवडाभर थांबा. आणि एकदा गेलात की पुढचे ९० दिवस तिथेच. त्यामुळे घाई वाटत असली तरी आधी त्या कंपनीचं नवं प्रीपेड सिम एका लहान पॅकवर महिनाभर दुसऱ्या खाचेत चालवून बघा. त्याला लागलेले पैसे वाया गेले असं समजू नये.

आठवडी बाजारात किंवा ऑनलाईन रेंज वाढवणारी पेटी मिळते, तिला बूस्टर म्हणतात. विनापरवाना तो लावणं बेकायदा आहे; शिवाय एका घरावर लावलेला बूस्टर आळीभरची रेंज बिघडवतो. तसंच ‘तुमच्या शेतात टॉवर बसवतो, दरमहा भाडं देतो, आधी फी भरा’ असे फोन येतात. टॉवर कंपनी जागेसाठी आपल्याला पैसे देते, आपल्याकडून मागत नाही. ट्राय अशी कुठलीही परवानगीची पत्रं देत नाही, तसं पत्र दाखवलं तर तिथेच फसवणूक समजा. घरच्या आधारवर आपल्याला न कळता कोणी सिम घेतलं आहे का ते ‘संचार साथी’ पोर्टलवर बघता येतं. हरवलेला फोनही तिथूनच बंद करता येतो.

रेंज बिघडली तर १९८वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. निवारण पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, त्याला पैसे पडत नाहीत. एकट्याने केलेल्या तक्रारीपेक्षा एकाच गावातून आलेल्या दहा-पंधरा तक्रारींना वजन जास्त. याच्या जोडीला अजून फारसा माहीत नसलेला एक नियम आहे. जिल्हा पातळीवर मोठा बिघाड होऊन एखाद्या कंपनीची सेवा २४ तासांहून जास्त काळ बंद राहिली, तर तिने पोस्टपेड ग्राहकाच्या बिलात त्या प्रमाणात सूट दिली पाहिजे आणि प्रीपेड ग्राहकाची मुदत वाढवून दिली पाहिजे. प्रीपेडचा हा भाग १ एप्रिल २०२५पासून लागू आहे. दिवसाला १२ तासांहून जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरतात आणि बिघाड निस्तरल्यावर आठवड्याच्या आत ही भरपाई मिळायला हवी. फायबर तुटून असं झालं तर सेवा कधी गेली आणि कधी आली ती वेळ लिहून ठेवा. मुदत वाढली नाही, तर १९८वर सांगायला हीच नोंद लागते.